सोळाव्या दिवसाचं अस्तर

सोलापुरात त्या काळी मुलांच्या गळ्यात दोन रंगांचे बिल्ले दिसत, पिवळे आणि निळे. प्लॅस्टिकचे, अंगठ्याच्या नखाएवढे. डुकराच्या पिल्लाच्या कानात टोचायचे बिल्ले होते ते. ज्या पिल्लाच्या आतड्याचं अस्तर आपल्या मुलाला बसवलं, त्याचा बिल्ला काळ्या दोऱ्यात ओवून मुलाच्या गळ्यात बांधायचा, अशी पद्धत पडून गेली होती. ती कुणी पाडली हे सांगता येणार नाही. डॉक्टरांनी तर नक्कीच नाही. त्यांनी आधी नाकं मुरडली आणि मग सवय करून घेतली. ज्या घरांत डुकराचं नाव निघालं तरी म्हातारी माणसं कानांवर हात ठेवत, त्या घरांतल्या नातवंडांच्या गळ्यातही बिल्ला होता. पोर जगतंय म्हटल्यावर सोवळं कुठल्या कुठे पळून जातं.

सगळं सुरू झालं ते बुरशीपासून. उन्हाळे लांबले तशी ज्वारी, मका आणि गव्हाच्या दाण्यांत एक बुरशी शिरली. ती वरून दिसायची नाही. तिचं विष धुऊन जात नसे, भाजून किंवा शिजवूनही मरत नसे. मोठ्या माणसांच्या यकृतात ते वर्षानुवर्षं साठत राही आणि लहान मुलांच्या लहान आतड्याचं अस्तर मात्र काही महिन्यांत सोलून काढी. विषमुक्त धान्य कुठेच उरलं नव्हतं. सरकारनं ठरवलेल्या मर्यादेच्या आतलं धान्य, एवढंच काय ते मिळे.

अस्तर म्हणजे आतड्याच्या आतल्या बाजूचा पेशींचा थर. एकच थर, कांद्याच्या पापुद्र्याहून पातळ. ह्या थरातल्या शेजारच्या पेशी एकमेकींना प्रथिनांच्या टाक्यांनी जोडलेल्या असतात. त्या टाक्यांना अस्तर बसवणाऱ्या सरकारी केंद्रातली माणसं शिवण म्हणत. शिवण घट्ट असली की अन्नातलं हवं ते गाळून रक्तात जातं आणि विष बाहेर राहतं. शिवण उसवली की सगळंच आत शिरतं आणि मूल चार-सहा दिवसांत जातं. डुकराचं आतडं माणसाच्या आतड्याला बरंच जवळचं, आणि केंद्रात वाढवलेल्या जातीच्या पेशींत विष सोसायची ताकद मुद्दाम घातलेली होती. दोन महिन्यांच्या पिल्लाच्या आतड्यातून मूळपेशी काढायच्या, त्या मुलाच्या आतड्यात पेरायच्या, म्हणजे आठवड्याभरात नवं अस्तर उगवे. हे एकदाच करता येई. दुसऱ्यांदा पेरलेलं अस्तर शरीर झिडकारून टाकी.

आठ जिल्ह्यांसाठी असलेल्या ह्या केंद्रात डॉ. हेमांगी साबणे तपासणी विभागाची प्रमुख होती. पन्नाशीची, कामाला वाघ, बोलायला तुटक. त्या वर्षी चैत्रात तिच्या वॉर्डात चौदा मुलं दाखल झाली. चौदाही मुलांचं अस्तर उसवलं होतं. त्यांच्या घरचं धान्य तपासलं, ते मर्यादेत निघालं. मग तिनं एकेका आईला समोर बसवून विचारायला सुरुवात केली की आजारापूर्वी घरात काय घडलं होतं. एकीचा नवरा अपघातात गेला होता. एकीनं मुलीला वसतिगृहात ठेवलं होतं. एका मुलाचा कुत्रा हरवला होता. बाया सांगत होत्या आणि हेमांगी मान खाली घालून लिहीत होती. मान वर केली तेव्हा तिला समोरच्या पलंगांवरचे गळे दिसले. चौदाही बिल्ले निळे होते.

ती तशीच उठून पिल्लांच्या वाड्याकडे गेली. वाडा सांभाळायची यल्लूबाई अलकुंटे. वडार समाजातली, अकरा वर्षं केंद्रात होती. तिच्या आज्या-पणज्यांनी सोलापूरच्या माळांवर दगड फोडता फोडता डुकरं पाळली होती आणि आता सरकारनं त्याच विद्येला गणवेश चढवला होता. यल्लूबाई एका डुकरिणीच्या पाठीवर पाण्याची नळी धरून उभी होती.

"यल्लूबाई, हे निळे बिल्ले कधीपासून लावता?"

"तुमचा कागद आला तवापासनं."

"कुठला कागद?"

"सोळा दिसांचा."

हेमांगीला कागद आठवला. तो तिनंच काढला होता, तीन वर्षांपूर्वी. डुकरिणींच्या बाळंतपणाचे गाळे ऐंशीच होते. पिल्लं अठ्ठावीस दिवस आईजवळ ठेवली की गाळा महिनाभर अडकायचा. यादीत नऊ हजार मुलं थांबली होती आणि दर आठवड्याला त्यांतली पन्नास-साठ मरत होती. हेमांगीनं पिल्लं सोळाव्या दिवशी आईपासून तोडायचा आदेश दिला. गाळे भराभर रिकामे होऊ लागले आणि दीड वर्षात यादी संपली. तिचा सत्कार झाला. तिनं तो नको नको म्हणत घेतला होता, पण आवडला होता.

"कागदात रंग बदला असं कुठं होतं?"

"न्हवतं. मीच बदलला. पिवळी पिल्लं अठ्ठावीस दिस आईपाशी ऱ्हायल्याली. ही तशी न्हवती. येगळी हायत, म्हनून येगळा रंग."

"वेगळी म्हणजे कशी?"

यल्लूबाईनं नळी बंद केली. "खात्यात, वजन धरत्यात, समदं तुमच्या कागदापरमानं. पन पयल्या दिशी वरडत्यात आन मग भिताडाला तोंड लावून गप हुबी ऱ्हात्यात. नुसतं गेट वाजलं की पातळ हगत्यात. दोन म्हयन्याची झाली तरी. पिवळी तसं करत न्हवती."

"मग मला सांगितलं का नाही?"

"सांगितलं की, म्याडम. तुमी म्हनला, वजन बरोबर हाय न्हवं, मग झालं."

ते तसंच झालं होतं. हेमांगीला तो दिवस, तो व्हरांडा आणि स्वतःचा घाईचा आवाजसुद्धा आठवला.

पुढचे दहा दिवस ती प्रयोगशाळेतून जवळजवळ हललीच नाही. तिच्याकडे शिवणमापक नावाचं यंत्र होतं. पेशींचा थर एका जाळीवर वाढवायचा आणि त्यातून वीज सोडायची. वीज जितकी अडेल तितकी शिवण घट्ट. आकडा हजाराच्या आसपास असला की उत्तम, चारशेच्या खाली गेला की शिवण उसवली. प्रत्येक अस्तराची ही तपासणी आजवर होतच आली होती, आणि तिच्या तक्त्यात दोन रकाने होते, विष आणि ताण. विषाची चाचणी तळमजल्यावर व्हायची. ताणाची, म्हणजे घाबरल्यावर किंवा दुःख झाल्यावर रक्तात उतरतात त्या रसायनांची, पहिल्या मजल्यावर. निळ्या बिल्ल्याची अस्तरं दोन्ही रकान्यांत उत्तीर्ण होत होती. दोन्ही एकदम दिलं तर काय होतं, हा रकाना तक्त्यात नव्हता, कारण दोन मजल्यांची वेळापत्रकं कधी जुळलीच नव्हती.

हेमांगीनं दोन्ही एकदम दिलं. मर्यादेतलं विष, भाकरीतून रोज पोटात जाई तेवढंच, आणि सोबत ताणाचं रसायन. पिवळ्या अस्तराचा आकडा नऊशेवर येऊन थांबला. निळ्याचा चाळीस मिनिटांत दोनशे दहावर गेला. तिनं तो प्रयोग सहा वेळा केला.

पेशींना मन नसतं, पण खुणा असतात. फार लवकर आईपासून तोडलेल्या पिल्लाच्या आतड्यात ताणाची रसायनं इतकी उतरतात की मूळपेशींच्या जनुकांवर त्यांच्या खुणा बसतात. अस्तरातल्या पेशी दर पाच दिवसांनी झडतात आणि नव्या येतात, पण त्या जिच्यापासून जन्मतात ती मूळपेशी तीच राहते आणि प्रत्येक नव्या पेशीला जुनी खूण देते. सोळाव्या दिवशीची भीती पिल्लू मेल्यावरही संपत नव्हती. ती आता आठ जिल्ह्यांतल्या एक्केचाळीस हजार मुलांच्या पोटात होती आणि प्रत्येक मोठ्या दुःखाला शिवण सोडून देत होती.

हेमांगी अहवाल घेऊन संचालकांकडे गेली. ते सज्जन गृहस्थ होते. त्यांनी अहवाल दोनदा वाचला आणि बराच वेळ चष्मा पुसत बसले.

"हे पालकांना सांगायचं म्हणता?"

"सांगायलाच हवं, सर."

"सांगा. मग ते मुलांकडे कसे बघतील? पोरांना चेहरे वाचता येतात. तुला दुःख झालं तर तू मरशील, हे ज्या मुलाला कळेल, त्याच्या रक्तात त्याच क्षणी काय उतरेल ते तुम्हीच मला सांगा."

एक्केचाळीस हजार मुलांना वाचवायला तोंड उघडलं की त्यांतली किती मरतील, हे तिला मोजता येत नव्हतं. सोळा दिवसांचा आदेश तात्काळ मागे घेतला गेला. त्याहून जास्त कुणाला काही सुचलं नाही.

यल्लूबाईला मात्र हेमांगीनं सगळं सांगितलं. निदान एका माणसाकडे कबुली द्यायची होती, म्हणून सांगितलं. यल्लूबाई पेंडीच्या पोत्यावर बसून ऐकत होती. ऐकून झाल्यावर तिनं पदराच्या गाठीतून घडी घातलेला कागद काढला. सिव्हिल हॉस्पिटलचा रिपोर्ट होता. यकृत, शेवटची अवस्था.

"दसऱ्यापातुर काढशील म्हनत्यात डाक्टर."

हेमांगीनं कागदाची घडी पुन्हा घातली.

"माझ्या रेणुकेच्या गळ्यात निळा हाय, म्याडम," यल्लूबाई म्हणाली. "मीच बांधलाय. नऊ वर्सांची हाय. बाप तर ती रांगत हुती तवाच गेला, तिला ठावंबी न्हाई. माझ्यापल्याड कोन हाय तिला? म्या मेले म्हंजी काय हुईल ते नीट सांगा."

हेमांगीनं मान फिरवली आणि यल्लूबाई काय ते समजली.

तिसऱ्या दिवशी यल्लूबाई आपणहून हेमांगीच्या खोलीत आली. ह्याआधी ती तिथं कधी आली नव्हती. दारातच उभी राहिली.

"म्याडम, डुकरीन आपली पिल्लं कशी तोडती ठावं हाय?"

"आपणच तोडतो ना?"

"केंद्रात आपन तोडतो. माळावर डुकरीन सोताच तोडती. दोन म्हयने झालं की मग पोटावर निजाय लागती. थानं खाली दाबून. पिल्लं ढुसण्या मारत्यात, ती उठत न्हाई. एक डाव पाजती, दोन डाव न्हाई. मग दिसाला एक डाव. मग उठून दुसरीकडंच जाऊन बसती. पिल्लू वरडत न्हाई की पातळ हगत न्हाई. हळूहळू त्येलाच ती नको हुती."

ती रेणुकेबद्दल बोलतेय, हे हेमांगीला कळलं. "यल्लूबाई, तोही ताणच आहे. रोजचा."

"थोडा थोडा हाय की. तुमीच म्हनला न्हवं, पाच दिसांत नव्या पेशी येत्यात. थोडं उसवंल, परत शिवंल. तुमच्या यंत्रावर करून बगा."

हेमांगीनं करून बघितलं. निळ्या अस्तरावर ताणाचं रसायन आधी थेंबभर आणि मग रोज किंचित वाढवत, विषासोबत, सलग चाळीस दिवस दिलं. आकडा खाली जायचा आणि पुन्हा वर यायचा. एकेचाळिसाव्या दिवशी तिनं रसायनाचा मोठा डोस दिला, एखाद्या मुलाची आई मेल्यावर जेवढं उतरेल तेवढा. आकडा आठशेच्या खाली गेला नाही. आपला प्रयोग यशस्वी झाल्याचं इतकं वाईट तिला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

यल्लूबाई थांबली नव्हतीच. यंत्राचा निकाल यायच्या आधीच तिनं घरी सुरुवात केली होती.

आधी तिनं रेणुकेच्या वेण्या घालणं सोडलं. "हात न्हाईत व्हय तुला?" एवढंच म्हणाली. मग तव्यावरची पहिली भाकरी तिला द्यायचं सोडलं. ती भाकरी रेणुका जन्मापासून शेंगाचटणी लावून तव्याजवळच बसून खायची. मग लाडानं रेणे म्हणणं सोडलं. शाळा सुटली की रेणुका केंद्राच्या फाटकातून पळत यायची आणि आईच्या कमरेला मिठी मारायची. एका दुपारी हेमांगीनं खिडकीतून पाहिलं, रेणुका पळत आली आणि यल्लूबाई बादली उचलून दुसऱ्या वाड्यात निघून गेली. पोरगी तिथेच उभी राहिली. थोड्या वेळानं दप्तर खाली ठेवून भिंतीशी बसली.

रेणुकेच्या पोटात हेमांगीनं मापगोळी ठेवली होती. गोळी आतड्यातून शिवणीचा आकडा बाहेर कळवायची. त्या दुपारी तो सहाशे चाळीस होता. दुसऱ्या दिवशी आठशे. पुढच्या आठवड्यात तसंच घडलं तेव्हा सातशे नव्वद.

श्रावणात हेमांगीचा धीर सुटला. ती वाड्यावर गेली. यल्लूबाई पेंडीच्या खोलीत पोत्यात तोंड खुपसून रडत होती. आवाज बाहेर जाऊ नये म्हणून गोणपाट दातांत धरलं होतं.

"बस झालं, यल्लूबाई. पोरीला जवळ घ्या. जे व्हायचं ते होऊ दे."

यल्लूबाईनं तोंड पुसलं. ती आता हाडांचा सापळा झाली होती आणि डोळे हळदीसारखे पिवळे पडले होते. "काल ताप आलता तिला," ती म्हणाली. "अम्मा अम्मा करत हुती. म्या भाईर जाऊन बसले. आता जवळ घेतलं तर त्यो ताप वाया जाईल, म्याडम."

गौरी-गणपतीच्या आधी तिनं रेणुकेला अक्कलकोटला बहिणीकडे, भागव्वाकडे पाठवलं. एसटीत बसवायला स्वतः गेली नाही. एक शेजारीण गेली. रेणुकेनंही विचारलं नाही की अम्मा का नाही आली. भाद्रपद संपता संपता यल्लूबाई गेली. शेवटचे दोन दिवस ती पोरीचं नाव घेत होती आणि ते ऐकायला हेमांगीशिवाय कुणी नव्हतं.

भागव्वानं रेणुकेला बातमी दिली तेव्हा मापगोळीचा आकडा आठशे चाळीसवर आला आणि रात्रीपर्यंत हजारावर गेला. रेणुका रडली नाही. तिनं भाकरी मागून घेतली.

केंद्राच्या समितीपुढे हा आकडा गेल्यावर चर्चा फार लांबली नाही. दिवाळीनंतर निळ्या बिल्ल्यांच्या एक्केचाळीस हजार मुलांच्या घरी एक पुस्तिका गेली. 'टप्प्याटप्प्यानं विलगीकरण' असं तिचं नाव होतं. माणूस कधी मरेल हे कुणाला आधी कळत नाही, अपघात विचारून होत नाहीत, तेव्हा आतापासूनच सुरुवात करावी, असं त्यात लिहिलं होतं. पहिल्या आठवड्यात काय सोडायचं, दुसऱ्यात काय. कुशीत झोपवणं कधी बंद करायचं. लाडाचं नाव कधी बंद करायचं. आजी-आजोबांनी काय करायचं. पहिल्या पानावर ठळक अक्षरांत सूचना होती, मुलांसमोर वाचू नये. काही घरांनी पुस्तिका फाडून टाकली. बहुतेकांनी फाडली नाही. हिवाळ्यात शाळांच्या फाटकांशी हेमांगीला निळ्या बिल्ल्यांची मुलं दिसू लागली, आयांनी टाटा न करता सोडलेली. वॉर्ड रिकामा होत गेला. संचालकांनी तिचं पुन्हा अभिनंदन केलं.

माघात रेणुका तपासणीला आली. उंची वाढली होती. वेण्या स्वतःच घातल्या होत्या, एक वर एक खाली. ती पलंगावर बसली आणि हेमांगीनं मापगोळीचे आकडे दाखवणारं यंत्र सुरू केलं. आकडा होता एक हजार ऐंशी.

"मावशी बरी वागते का?"

"हां."

"अभ्यास?"

"हां." रेणुका गळ्यातला बिल्ला दोऱ्यावर मागेपुढे सरकवत होती. मग म्हणाली, "म्याडम, एक विचारू? मावशीनं अम्माची पेटी उघडली. त्यात माझ्या सगळ्या रिबिनी होत्या. घड्या घालून. पडलेले दात पण होते, कागदात बांधून. तारीख लिहून."

हेमांगीचं लक्ष यंत्राकडे गेलं. नऊशे साठ.

"अम्माला तर मी नको झालते ना? वेणीबी घालत नव्हती. मला ताप होता तर भाईर जाऊन बसली. मग दात कशाला ठेवले?"

आठशे दहा. सातशे. सहाशे पंचवीस.

खरं उत्तर हेमांगीच्या अगदी ओठांवर होतं. ह्या जगात त्या उत्तरावर हक्क असलेलं हे एकच माणूस होतं, आणि ते समोर बसून तिच्या तोंडाकडे बघत होतं. पाचशे सत्तर. खिडकीबाहेर वाड्यात कुणीतरी फाटक लावल्याचा आवाज झाला आणि आकडा आणखी उतरला.

"दात सगळ्याच आया ठेवतात, बाळ," हेमांगी म्हणाली. "तशी रीत असते."

"म्हणजे नकोच झालते मी?"

"हो," हेमांगी म्हणाली. "नको झाली होतीस."

रेणुकेनं बिल्ला दोऱ्यावर सरकवायचं थांबवलं. सहाशे तीस. सातशे ऐंशी. नऊशे. एक हजार चाळीस.

"मला वाटलंच," ती म्हणाली, आणि पलंगावरून खाली उतरून चपला शोधू लागली.

हेमांगीनं तक्ता पुढे ओढला. त्यात आता तीन रकाने होते, विष, ताण आणि दोन्ही एकदम. तिसऱ्या रकान्यात तिनं लिहिलं, एक हजार चाळीस, उत्तीर्ण. मग पुढच्या मुलाला आत बोलावलं.